बासष्टावी हाक

१

येसूबाई रोकडे गुरुवारी सकाळी सहा वाजता स्वतःच्या घरात बेशुद्ध सापडली, आणि दहा वाजेपर्यंत अख्ख्या कशेळे बाजाराला गुन्हेगार माहीत झाला होता. गुन्हेगार कोण, तर म्हणे आमचं ॲप.

मला ही बातमी येसूबाईच्या भाच्याकडून कळली. प्रीतम त्याचं नाव. फोन उचलल्या उचलल्या त्यानं तोंड सोडलं. "मॅडम, तुमच्या कुठल्यातरी पोरीनं बीपीची गोळी म्हणून माझ्या आत्याला शुगरची गोळी खायला लावली. आत्याला शुगर नाही! रक्तातली साखर पार तळाला गेली. अजून तासभर कुणी बघितलं नसतं तर आज मर्तिकाला आला असता तुम्ही."

मी पौर्णिमा गायकवाड. खालापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं लोकांच्या लायनी जोडल्या, निवृत्त झाले, आणि गप्प बसवेना म्हणून 'हाक'च्या कामाला लागले. 'हाक' हे कर्जतच्या एका मास्तरांनी काढलेलं ॲप. आंधळ्या माणसानं मोबाईलवर बटण दाबायचं, आमच्या दोनशे स्वयंसेवकांपैकी जो मोकळा असेल तो उचलतो, कॅमेऱ्यातून बघतो आणि सांगतो. दूध नासलंय का, साडी कुठल्या रंगाची, पत्र कुणाचं आलंय. साधी साधी कामं. या स्वयंसेवकांना शिकवायचं काम माझं, त्यामुळे त्यांच्या चुकीचा जोडाही माझ्याच डोक्यात बसायचा.

"रविवारी मी आत्याला आश्रमात ठेवतोय," प्रीतम म्हणाला. "जागा बघून झालीय. आंधळ्या बाईनं एकटं राहायचं हे खूळ तुमच्या ॲपनं तिच्या डोक्यात भरलं. आता बास."

येसूबाई सत्तरीची. सातव्या वर्षी देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेले. लग्न केलं नाही, बापाच्या घरात राहिली, आणि भावजय वारल्यावर तिच्या दोन वर्षांच्या पोराला, म्हणजे याच प्रीतमला, तिनंच वाढवलं. ती मला एकदा म्हणाली होती, "पौर्णिमा, माज्या घरात मी आंधळी नाय गं. उंबऱ्याभायेर पाय ठेवला की आंधळी." त्या बाईला आश्रमात नेणं म्हणजे तिचे डोळे दुसऱ्यांदा काढणं होतं. आणि माझ्या हातात तीन दिवस होते.

मी ॲपची नोंद उघडली. आम्ही हाकेचं बोलणं साठवत नाही, चित्रही नाही. फक्त वेळ, नाव आणि स्वयंसेवकानं नंतर भरलेली छोटी चिठ्ठी. बुधवार, संध्याकाळी सात वाजून चार मिनिटं. येसूबाईची बासष्टावी हाक. उचलणारीचं नाव वाचलं. सोनाली. माझी सगळ्यात हुशार पोरगी.

२

सोनाली खालापुरात तालुक्याच्या कचेऱ्यांसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मी गेले तेव्हा रडून रडून तिचं नाक लाल झालेलं. मला तिची दया आली, पण मी दाखवली नाही. बत्तीस वर्षं फोनवर लोकांचं ऐकलंय मी. खोटं बोलणारी माणसंसुद्धा झकास रडतात.

"हाक आली तेव्हा दुकानात कोण होतं?"

"कोणी नाही बाई. एकटीच होते."

मालक पलीकडून कागद कापता कापता सहज बोलून गेला, "बुधवारी ना? बुधवारी सात वाजता पाय ठेवायला जागा नव्हती इथं."

सोनालीचा चेहरा पांढराफटक. शेवटी तिनं कबूल केलं. गिऱ्हाईक होतं, नियम मोडून तिनं हाक उचलली होती. आमचा नियमच आहे, औषध वाचताना आजूबाजूला कोणी नको आणि हातात दुसरं काम नको.

"मग घाईत वाचलंस."

"नाही हो बाई! पाच वाजून गेल्यावर मराठी उचलणारं फारसं कोणी नसतं, म्हणून उचलली. पण वाचलं नीट. उलट वेळच लागला. पट्टी अशी चकाकत होती ना, अक्षरंच दिसेनात. आजींना दोनदा तिरकी धरायला लावली. मग गोळीचं नाव, ताकद, तारीख, सगळं अक्षर न् अक्षर वाचलं. बीपीचीच गोळी होती. आजींना रोज लागते तीच."

तिनं मला तिची चिठ्ठी दाखवली. हाक संपल्यावर आमची पोरं अडचणींवर खुणा करतात. अंधार, हलतं चित्र, अस्पष्ट, चकाकी. तिनं चकाकीवर खूण केली होती. चिठ्ठी खरी होती, पण चिठ्ठी भरणारी खोटं बोलताना मी आत्ताच पकडली होती ना! चोराच्या उलट्या बोंबा मी काही थोड्या ऐकलेल्या नाहीत.

"सोनाली, तुझ्याकडून चूक झाली असेल तर आत्ता सांग. मी तुझ्या पाठीशी राहीन."

तिनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर दिली. "बाई, मी वाचली ती गोळी आणि आजींनी खाल्ली ती गोळी एक नव्हती. मधे कोणीतरी बदलली."

"येसूबाई घरात एकटी होती."

"मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

३

शुक्रवारी दुपारी कर्जतला दवाखान्यात गेले. येसूबाईला घरी सोडत होते. पलंगावर ती हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली, आणि प्रीतम औषधांची पिशवी घेऊन उभा. चांगला पस्तिशीचा गडी, पनवेलकडे कुठल्याशा बांधकामवाल्याकडे नोकरीला. कशेळ्याच्या रस्त्याला आता शेतघरांची रांग लागलीय, आणि येसूबाईचं घर नेमकं रस्त्याला तोंड करून. हे सगळं मला माहीत होतं. पण जमिनीचे भाव वाढले म्हणून प्रत्येक भाचा काही आत्याच्या जिवावर उठत नाही, हेही माहीत होतं.

त्यानं पिशवीतून पट्टी काढून दाखवली. शुगरच्या गोळ्या, नवी कोरी पट्टी, एकच गोळी काढलेली. "ही टेबलावर होती. बघा तुमची पोरगी काय वाचते ते."

"तू बुधवारी आला होतास ना रे?"

"आलो होतो की. साडेपाचला निघालोसुद्धा. त्या कच्च्या रस्त्यानं अंधारात गाडी घालायची मला धास्ती वाटते. दिवाळीनंतर मी दिवस मावळल्यावर तिथं पाऊल ठेवलेलं नाही. आत्याला विचारा."

"व्हय," येसूबाई म्हणाली. "'येतो गं आत्या' म्हनला, दार वाजलं. मंग मी कडी लावली. आतून. मी सोता लावली कडी."

"आणि नंतर कोणी आलं?"

"कोन येनार? कडी लावली व्हती म्या." कडीचं तिनं पुन्हा सांगितलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, एकच दळण दळतं.

तिथून कशेळ्याला जीपनं. औषधाचं दुकान योगेंद्रचं. त्यानं मी तोंड उघडायच्या आत वही पुढ्यात टाकली. बुधवारी पाच वाजता त्यानं स्वतः जाऊन येसूबाईच्या दारात बीपीची नवी पट्टी दिली होती. "आत गेलोच नाही. आणि ही शुगरची जी गोळी आहे ना ताई, ही कंपनी मी ठेवतच नाही. कपाटं उघडून बघा." मी खरंच उघडून बघितली. त्याला राग आला, येऊ दे.

"मग ही गोळी इथं कोण खातं?"

योगेंद्रनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "माझं नाव घेऊ नका. पण येसूबाईला डबा देते ना ती रूपाली, तिची सासू चिमा. तिला शुगर आहे. ती माझ्याकडून नाही, दुसरीकडून आणते. आणि सकाळी येसूबाई सापडली कुणाला? रूपालीलाच."

४

येसूबाईच्या घरामागं ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे ठाकरवाडी. रूपाली तिथली. एका शेतघरावर झाडलोटीला जाते, आणि संध्याकाळी सातला येसूबाईला भाकरी-कालवण पोचवते, गेली चार वर्षं, एकही दिवस न चुकता. चुकला तो नेमका बुधवारी.

मी तिला अंगणात गाठलं. तांदूळ पाखडत होती. सासू चिमा बाजूलाच उन्हाला पाय पसरून बसलेली.

"बुधवारी डबा का नेला नाहीस?"

"पावना व्हता ना येसूआजीकडं. पावना असला की मी जात नाय. त्यांचं त्यांचं काय बोलनं असतंय, आपन कशाला मधी? पावन्याबरूबर जेवल म्हनलं आजी."

"कोण पाहुणा?"

"आता ते मला काय म्हाईत?"

"पाहिलास?"

ती गोंधळली. सूप खाली ठेवलं. "नाय पायला. पन व्हता."

येसूबाई म्हणते कोणी नव्हतं. ही म्हणते होता, पण पाहिला नाही. मी तिच्या सासूच्या गोळ्या मागून घेतल्या. नाव वाचलं. तीच कंपनी, तीच गोळी. पण पट्ट्या मोजून पाहिल्या, दुकानाच्या बिलाशी ताडल्या, तर एकही कमी नव्हती.

"सकाळी दार कसं उघडलंस?"

"उघडायचं काय? नुसतं लोटल्यालं व्हतं. कामाला जाता जाता डोकावले, ढकललं, तर आजी खाली पडल्याली." तिचे डोळे भरले. "ताई, तो प्रीतमदादा पोलिसात माजं नाव देनार म्हनतो. खरं का वो? आमाला कोन इचारतंय, आमचं खरं कोन मानंल?"

मी तिला धीर दिला नाही. द्यायला हवा होता, आज त्याची मला लाज वाटते. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. येसूबाई शपथेवर सांगते कडी आतून लावली, आणि रूपाली सांगते दार नुसतं लोटलेलं. दोघींपैकी एक खोटं बोलतेय.

ओढा ओलांडून येसूबाईकडे पोचले तेव्हा दिवस मावळला होता. प्रीतम तिला घरी सोडून कर्जतला मित्राकडे मुक्कामाला गेला होता. घरात मिट्ट काळोख. मी दाराजवळची भिंत चाचपू लागले, बटण कुठं सापडेना.

"तिथं नाय गं," काळोखातून येसूबाई हसली. "तो बोर्ड दिवाळीत जळला. वायरमननं नवा बसवलाय कपाटाच्या मागं. हात वाकडा करून घालायला लागतो. मला काय करायचंय? मी कवा लावते?"

मी कपाटामागं हात घातला, मनगटाला ओरखडा काढून घेतला, तेव्हा कुठं ट्यूब लागली. येसूबाईनं चहा केला. तिचा हात कशालाही न अडखळता डब्याडब्यावर जात होता. निघताना तिनं माझा हात धरला.

"पौर्णिमा, कडी मी लावली व्हती. ध्यानात ठेव."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. एक्स्चेंजमध्ये कधीकधी बाईमाणूस असं बोलायचं, घरातलं कोणी शेजारी उभं असलं की. पण इथं तर आम्ही दोघीच होतो.

५

शनिवारी सकाळी मी खालापुरात घरी डोकं धरून बसले होते. उद्या रविवार. मी येसूबाईच्या सगळ्या हाकांच्या चिठ्ठ्या काढल्या. बासष्ट. कुणी काय चुकलंय का, कुठली तक्रार आहे का, हे शोधायला बसले. मूर्ख मी. खुणा कुठं आहेत ते बघत होते, कुठं नाहीत ते बघायचं होतं.

दिवसाच्या हाका बाजूला केल्या. दिवेलागणीनंतरच्या उरल्या एकोणतीस. अठ्ठावीस चिठ्ठ्यांवर एकच खूण. अंधार, अंधार, अंधार. साहजिकच आहे की. आंधळी बाई दिवा कशाला लावेल? म्हणून तर आमच्या पोरांना मी पहिलं वाक्य हेच शिकवते, "तेवढी लाइट लावता का?" आणि येसूबाईचं उत्तर ठरलेलं, "थांब, मोबाईलची बॅटरी लावते," कारण त्या ट्यूबच्या नादी ती लागतच नसे.

बासष्टाव्या हाकेला अंधार नव्हता. चकाकी होती.

मी सोनालीला फोन लावला. "तू लाइट लावायला सांगितलीस?"

"नाही बाई. लावलेलीच होती. पट्टीच्या चांदीवर ट्यूबची अख्खी रेघ दिसत होती, त्यानंच तर वाचता येईना."

फोन ठेवला आणि लगेच रूपालीच्या शेजारणीचा नंबर लावला, रूपालीला फोनवर बोलावून घेतलं.

"रूपाली, पाहुणा पाहिला नाहीस, मग होता कशावरून?"

"ताई, उजेड व्हता ना! येसूआजीच्या खिडकीत उजेड दिसला म्हनजे पावना. येरवी कुटं असतो तिच्याकडं उजेड? आमची सारी वाडी वळखते. उजेड असला तर आमी जात नाय."

अगं माझे बाई! चार वर्षांत ही गोष्ट तिला कुणाला सांगावीशी वाटली नव्हती, कारण ती त्यांच्यासाठी सूर्य उगवण्याइतकी साधी होती. आणि मी तिच्यावर संशय घेत होते.

आता सगळं एका माळेत आलं. येसूबाईनं कडी आतून लावली, हे खरं. सकाळी दार लोटलेलं होतं, हेही खरं. मग कडी काढली कुणी? जो आतच होता त्यानं. बाहेरून कोणी आलंच नाही, कारण कुणीतरी बाहेर गेलंच नव्हतं. "येतो गं आत्या" म्हणून दार वाजवायचं आणि आतल्या आत भिंतीला चिकटून उभं राहायचं, एवढंच तर करायचं होतं. येसूबाई नवी पट्टी ॲपवर तपासल्याशिवाय गोळी तोंडात घालत नाही, हे घरच्या माणसाला पक्कं ठाऊक. म्हणजे पट्टी बदलायची ती तपासून झाल्यावर आणि पाणी घ्यायला ती माठाकडे वळल्यावर. दोन पावलांचं काम, बीपीची पट्टी खिशात आणि शहरात कुठंही मिळणारी शुगरची पट्टी तिच्या जागी. आणि नाव तरी येणार कुणावर? ॲपवर.

पण अंधारात ते त्याला जमलं नसतं. येसूबाईला उजेड लागत नव्हता. लागला तो त्याला. डोळस माणसाला उजेडाची इतकी सवय की दिवा लावला हे त्याच्या गावीही नसतं.

तर्क चोख होता. पुरावा म्हणून मात्र माझ्याकडे काय होतं? एक चिठ्ठी, आणि ठाकरवाडीतल्या एका बाईनं पाहिलेला उजेड.

६

संध्याकाळी साडेसहाला मी सगळ्यांना येसूबाईच्या घरी जमवलं. सोनाली खालापूरहून माझ्याबरोबर आली. रूपाली दारापाशी अंग चोरून बसली. योगेंद्र दुकान टाकून आला, तोंड वाकडं करून. येसूबाई तिच्या खाटेवर. काळोख दाटला होता आणि मी सगळ्यांना बजावलं होतं, कुणी दिव्याला हात लावायचा नाही.

प्रीतमची गाडी बाहेर थांबली. आत येता येताच ओरडला, "काय हे, अंधारात काय बसलाय? आत्या, बॅग भरली का? उद्या सकाळी नऊला निघायचंय."

"ये रे बाबा," मी म्हटलं. "तेवढी ट्यूब लाव, मग बोलू."

तो चडफडत दोन पावलं आत आला. दाराजवळच्या जळक्या बोर्डाकडे त्याचा हात गेला नाही. तो सरळ कपाटाशी गेला, मनगट वाकडं केलं, मागं हात घातला आणि खटकन ट्यूब लागली.

मी कपाटाकडे बोट केलं.

"प्रीतम, तो बोर्ड दिवाळीनंतर बसवलाय. दिवाळीनंतर तू अंधार पडल्यावर इथं पाऊल ठेवलं नाहीस ना? काल मला तो सापडायला पाच मिनिटं लागली, आणि हाताला हा ओरखडा मिळाला. तुला काळोखात एका दमात सापडला."

त्याचा हात अजून कपाटामागंच होता. मग मी सगळं मांडलं. कडी, चकाकी, ओढ्यापलीकडून दिसलेला उजेड. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला.

"मॅडम, तुम्ही गोष्टी लिहा. बोर्ड मी दिवसा बघितला असेल. कडी आत्या विसरली असेल. उजेड? ह्या बाईच्या सांगण्यावर?" त्यानं रूपालीकडे बोट केलं. "चला पोलिसात. बघू, कोण कोणाचं ऐकतंय."

आणि खरं सांगते, तो बरोबर बोलत होता. माझी सगळी माळ एका फुंकरीनं उडाली असती. सोनाली माझा हात घट्ट धरून उभी होती, तिची नखं मला रुतत होती.

"प्रीतम," येसूबाई म्हणाली. "तू कपाटाला टेकून हुबा व्हतास."

तो वळला.

"बुधवारी. मला म्हाईत व्हतं तू गेला नायस."

"दार वाजलं, पन चपला वाजल्या नाईत, गाडी बी सुरू झाली नाय. मंग तुजा श्वास. ल्हानपनी दम्यानं तुजी छाती वाजायची, मी रातरात तुला खांद्यावर घिऊन फिरले, मला तुजा श्वास कळनार नाय? बटन दाबलंस ते बी ऐकलं. मला वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, आत्या गोळी बरूबर घेती का ते बगाया थांबलाय. सांगाया लाजतोय. म्हनून मी बी काय बोलले नाय. किती दिसांनी माज्या घरात कुनीतरी माज्यासाटी थांबलं व्हतं. मी खुशीत गोळी घेतली."

"आत्या..."

"आडवी झाले, तर तू हळूच कडी काडलीस. मला वाटलं, मी झोपले समजून आवाज करत नाय. केवडी माया, म्हनलं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. बाजूला रूपाली पदर तोंडाला लावून हमसत होती.

"मग आजी, तुम्ही सांगितलंत का नाही?" सोनालीच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. "माझं नाव खराब झालं. मला रात्रभर वाटायचं, मी एका आजीला मारलं असतं."

"चुकले मी, पोरी. तुजी चोर हाय मी." येसूबाईनं आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "दवाखान्यात शुद्धीवर आले, तवाच समजलं. पन मी सांगितलं असतं, मला श्वास ऐकू आला, तर ह्यो काय म्हनला असता? म्हातारीला भास व्हतात. मंग आश्रमाच्या जागी येड्यांच्या दवाखान्यात न्यायला सोपं. डोळेवाल्यानं आधी सांगाया पायजे व्हतं. म्हनून पौर्णिमाला कडीचं सांगत राहिले. आनि दुसरं, खोटं कशाला बोलू? माजी जीब उचलत नव्हती. ह्याला मी घास भरवलाय."

प्रीतम खाली बसला होता. "मला वाटलं नुसती चक्कर येईल," तो पुटपुटला. "एकदा चक्कर आली की तू स्वतःच म्हणशील, चल आश्रमात. माझ्या साहेबांना ही जागा पाहिजे होती, मी शब्द देऊन बसलो होतो. डबा येणार नाही, तू रात्रभर उपाशी राहशील, हे मला काय माहीत?"

"डबा नाय आला, कारन तू दिवा लावलास," रूपाली म्हणाली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी तोंड वर करून बोलली.

७

रविवारी नऊ वाजता आश्रमाची गाडी आली आणि रिकामी गेली.

अकराला हवालदार आले. येसूबाईनं ओट्यावर बसून सगळी हकीकत सांगितली, चपला, श्वास, बटण, कडी, काही गाळलं नाही. हवालदारांनी लिहून घेतलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "वाचून दाखवू का आजी?"

"तुमी नको. रागावू नका, सायेब. पौर्णिमा, त्या पोरीला लाव."

मी म्हटलं, हाक टाकली तर कुणाकडे जाईल सांगता येत नाही. मग मी माझ्याच मोबाईलवरून सोनालीला फोन लावला, कॅमेरा चालू केला आणि मोबाईल येसूबाईच्या हातात दिला. तिनं कागद मांडीवर ठेवला, मोबाईल वर धरला. भर उन्हात सोनालीला सगळं स्वच्छ दिसत होतं. ती एकेक ओळ वाचत गेली. दुकानात त्या दिवशी कोणी नव्हतं, तिनं आधीच सांगून टाकलं, शटर अर्धं ओढून घेतलंय म्हणून.

एका ठिकाणी ती थांबली.

"काय झालं गं?"

"आजी, इथं आरोपीचं नाव आहे. वाचू?"

येसूबाईनं मोकळा हात कागदावर घट्ट दाबला. मला वाटलं, आता ही कागद फाडून टाकणार. हवालदारांनाही तसंच वाटलं असावं, ते पुढं झुकले. ओढ्यापलीकडे रूपाली धुणं आपटत होती.

"वाच," येसूबाई म्हणाली. "आडनावासकट वाच. तेच माजं बी हाय."

सोनालीनं वाचलं. येसूबाईनं मान हलवली, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर अधांतरी धरला. मी मदतीला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. "कुटं ठिवू, पोरी?" तिनं मोबाईलला विचारलं, आणि सोनाली म्हणाली, "जरा उजवीकडे आजी. अजून थोडं खाली. हां, तिथंच."